मसुदा नेरला पोचतो का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रातून कीटकनाशकाची बाटली घ्या आणि तिचे लेबल निवांत पाहा. एका कोपऱ्यावर तिरपा उभा केलेला चौकोन दिसेल, मधोमध दुभागलेला. खालच्या त्रिकोणात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग भरलेला असतो. रंग लाल असेल तर वरच्या त्रिकोणात कवटी आणि दोन हाडे, सोबत विषाचा इशारा. पिवळ्यावर विषाचा इशारा राहतो, पण कवटी जाते. निळ्यावर धोक्याचा शब्द येतो आणि हिरव्यावर नुसती सावधगिरीची सूचना.

हा रंग कंपनी आपल्या मर्जीने निवडत नाही. प्रयोगातल्या प्राण्यांच्या पोटात दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विष गेल्यावर निम्मे प्राणी मरतात, त्यावरून तो ठरतो. ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्यापुढे हिरवा. ही प्रतवारी कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये आहे. बाटलीसोबतच्या घडीपत्रकात काय छापायचे, फवारणाऱ्याने अंगावर काय घालायचे, दुकानदाराचे शिक्षण किती असावे, हे सगळेही त्याच नियमांत. म्हणजे पऱ्हाटीत पंप घेऊन उतरणाऱ्या माणसाचा जीव ज्या मजकुरावर अवलंबून आहे, तो संसदेच्या कायद्यात नाही, कृषी खात्याने लिहिलेल्या नियमांत आहे.

तो मजकूर लिहिला कसा जातो, कोणाला विचारून, आणि त्यात हात घालायला सामान्य माणसाला वाव किती, हे एकदा सावकाश समजून घेण्यासारखे आहे. बहुतेकांना ते ठाऊक नसते. शिकल्या-सवरलेल्यांनाही.

आधी कायदा आणि नियम यांतला फरक. १९५८ मध्ये केरळ आणि मद्रास भागात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले गेलेले अन्न पोटात जाऊन शंभरावर माणसे दगावली. त्या प्रकरणाच्या चौकशीतून पुढे कीटकनाशक अधिनियम, १९६८ आला. त्यात कलमे अवघी ३८. नोंदणीशिवाय कीटकनाशक बनवता येणार नाही, परवान्याशिवाय विकता येणार नाही, निरीक्षक नेमले जातील, दंड होईल, एवढा सांगाडा संसदेने उभा केला. हातमोजे कोपरापर्यंत की मनगटापर्यंत, यावर खासदारांनी चर्चा करावी अशी अपेक्षा कोणी करत नाही. तो तपशील भरायचे काम कायद्याने केंद्र सरकारकडे सोपवले. अशा सोपवलेल्या अधिकारातून खाते लिहिते ते नियम. एखादे मंडळ किंवा आयोग लिहितो ते विनियम. नगर परिषद लिहिते त्या उपविधी. हे तिन्ही कायद्याइतकेच बांधतात, मोडले तर शिक्षा होते.

जीआर, म्हणजे शासन निर्णय, ही वेगळी जात आहे. ती सरकारने आपल्याच यंत्रणेला दिलेली सूचना. तिच्यासाठी कोणाच्या हरकती मागवण्याचे बंधन नाही. आपल्याकडे लोक सर्रास जीआरलाच कायदा समजतात, आणि तालुक्याच्या कचेरीतले बाबूही कधी कधी तसेच भासवतात. असो.

आता नियमाचा प्रवास. कीटकनाशक अधिनियमाचे कलम ३६ सांगते की केंद्र सरकारने नियम करताना आधी केंद्रीय कीटकनाशक मंडळाशी सल्लामसलत करावी आणि नियमाची पूर्वप्रसिद्धी करावी. पूर्वप्रसिद्धी कशी करायची ते १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. ज्यांच्यावर परिणाम होण्याचा संभव आहे त्यांच्या माहितीसाठी मसुदा छापायचा. कोणत्या तारखेनंतर तो विचारात घेतला जाईल ते सोबत कळवायचे. त्या तारखेपर्यंत आलेल्या हरकती व सूचनांचा विचार करायचा. मग अंतिम नियम राजपत्रात छापायचा. छापून आला की तो संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ३० दिवस ठेवायचा, म्हणजे सभागृहांना तो बदलता किंवा रद्द करता यावा. असे रद्द होणे फार दुर्मीळ. नियमांची छाननी करणारी लोकसभेची समिती १९५३ पासून आहे आणि चुका दाखवतेही, पण तोवर नियम लागू होऊन लोक त्याखाली जगत असतात.

हरकती व सूचना हे शब्द नेरकरांना नवे नाहीत. प्रभाग रचना जाहीर झाली, मतदार यादी लागली की नगर परिषदेच्या फलकापुढे गर्दी होते. अर्ज पडतात, सुनावणी लागते. तीच रीत दिल्लीतल्या नियमांनाही लागू आहे, इतकेच कोणी सांगितलेले नसते.

कलम २३ बारकाईने वाचले की दोन गोष्टी नसल्याचे लक्षात येते. हरकतींसाठी किमान किती दिवस द्यायचे, तो आकडा त्यात नाही. आणि विचार करावा असे म्हटले आहे, उत्तर द्यावे असे म्हटलेले नाही. शिवाय पूर्वप्रसिद्धीची अट असलेला नियम राजपत्रात आला की तो रीतसर झाला याचा तो छापील कागदच निर्णायक पुरावा धरला जातो. तुमचा अर्ज कोणी उघडला का, वाचला का, नाकारला तर कशासाठी, हे सांगायला खाते या कलमाने बांधलेले नाही. माझ्या मते आपल्या नियम करण्याच्या पद्धतीतले सगळ्यात मोठे भोक हेच आहे. बाकीच्या तक्रारी त्याच्या मागून येतात.

हे आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात पाहू. २०१७ च्या पावसाळ्यात जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. शेकडो जणांवर उपचार झाले, बरेचसे यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, बोंडअळी बीटीला जुमानत नव्हती, दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारली जात होती, आणि जोराने तुषार उडवणारे बॅटरीचे पंप वापरात आले होते. फवारा पिकावर आणि तितकाच माणसाच्या तोंडावर. सरकारने विशेष तपास पथक नेमले. राज्याने यवतमाळसह पश्चिम विदर्भात काही कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली.

साठच दिवस का? कारण अधिनियमाच्या कलम २७ ने राज्याला तेवढेच दिले आहे. चौकशी अपुरी राहिली तर आणखी ३० दिवस. नव्वदाव्या दिवशी राज्याचे हात बांधले जातात. कायमची बंदी घालायची तर ती केंद्राने. मंत्रालयापुढे कितीही मोर्चे नेले तरी ही वाट मुंबईत संपत नाही, हे त्या काळात भल्याभल्या पुढाऱ्यांच्याही बोलण्यात येत नव्हते.

मग केंद्रात काय चालले होते? तिथे काम आधीच सुरू होते. इतर देशांत बंद झालेली पण भारतात चालू असलेली ६६ कीटकनाशके तपासण्यासाठी २०१३ मध्ये अनुपम वर्मा समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१५ मध्ये आला. त्यावरून ऑगस्ट २०१८ मध्ये १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश निघाला, त्यातली काही लगेच आणि काही २०२० अखेरपर्यंत बंद करायची होती. मे २०२० मध्ये आणखी २७ कीटकनाशकांच्या बंदीचा मसुदा राजपत्रात छापला गेला. त्यात मोनोक्रोटोफॉस होते, एसिफेट होते, क्विनॉलफॉस आणि क्लोरपायरीफॉस होते. कापसाच्या पट्ट्यात ही नावे पोराटोरांनाही पाठ असतात. प्रत्येक नावापुढे कारणही दिले होते: अमुक चाचणीची माहिती अपुरी, मधमाश्यांना घातक, पाण्यातल्या जिवांना घातक, असे. मसुदा म्हणून तो कागद चांगलाच होता.

हरकतींसाठी आधी ४५ दिवस दिले, नंतर ९० केले. कंपन्या आणि त्यांच्या संघटना यांनी हरकती घेतल्या, तो त्यांचा हक्कच. पुन्हा एक तज्ज्ञ समिती बसली. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतिम आदेश आला तेव्हा सरसकट बंदी डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल या तिघांवर होती. मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्क्यांचे द्रावण टप्प्याने बंद करायचे ठरले, काहींचा वापर ठरावीक पिकांवरून काढला, बरीचशी तशीच राहिली. २७ पैकी तिघांवरच बंदीचा बेत का, असे सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राला विचारले होते.

उरलेली औषधे ठेवण्याचा निर्णय चुकीचाच होता असे मी म्हणत नाही. स्वस्त औषध एकदम बंद झाले तर महागडे घ्यावे लागते, आणि त्याचा भार शेतकऱ्यावरच पडतो, हाही मुद्दा खरा आहे. माझी तक्रार वेगळी आहे. मे २०२० मध्ये जी कारणे बंदीला पुरेशी वाटत होती ती २०२३ मध्ये का पुरली नाहीत, हे औषधागणिक आणि हरकतीगणिक त्या आदेशातून कळत नाही. ज्याने विषबाधा झालेल्यांच्या बाजूने पत्र लिहिले असेल, त्याला आपले पत्र कुठे गेले हे शोधायला माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा लागतो. मसुदा ते आदेश हे अंतर तीन वर्षांहून जास्त, आणि समितीपासून मोजले तर दहा वर्षे.

तारखांकडेही पाहा. मे महिन्याच्या मध्यावर मसुदा. त्यापुढचे ४५ दिवस म्हणजे आमच्याकडे बियाण्याची धावपळ, पेरणी, दुबार पेरणीची धास्ती. ९० दिवस धरले तर ऑगस्टचा मध्य, म्हणजे ऐन फवारणी. त्यात ते टाळेबंदीचे साल. नेर तालुक्यातला फवारणी करणारा रोजंदार त्या काळात कृषी भवन, नवी दिल्ली या पत्त्यावर पत्र लिहील, असे मसुदा काढणाऱ्यांनाही वाटले नसावे. कंपनीच्या कार्यालयात मात्र राजपत्र रोज वाचायला पगारी माणूस असतो.

भाषेचे तर विचारूच नका. भारताच्या राजपत्रात एका बाजूला हिंदी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. हिंदीही अशी की ती समजायला इंग्रजी पाहावे लागते. २०२० मध्येच पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा मसुदा निघाला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुद्याचे भाषांतर आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत करायला सांगितले. त्यात मराठी आलीच. केंद्राने त्या आदेशाला आव्हान दिले. राजभाषेच्या कायद्याप्रमाणे हिंदी आणि इंग्रजी पुरे, असा सरकारचा पवित्रा होता. गंमत अशी की बाटलीसोबतचे घडीपत्रक प्रादेशिक भाषेत हवे, असे हेच सरकार कंपनीला नियमाने सांगते.

आणि नेरचे लोक बोलले असते तर काय सांगितले असते? नियम ३९ घ्या. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे हवेत, त्यात पाणी न झिरपणारे, अर्ध्या हातापर्यंत येणारे रबरी किंवा तसलेच हातमोजे, बूट, गॉगल. कागदावर सगळे बरोबर. पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाऊस उघडला की विदर्भात जी कोंदट उकड होते, तिच्यात डोक्याएवढ्या पऱ्हाटीत हे सगळे चढवून कोणी अर्धा तासही टिकणार नाही. घामाने गॉगलवर वाफ धरते, समोरचे दिसत नाही. मोज्याच्या आत पाणी साचते. ओल्या मातीत बूट रुततो. त्यामुळे किट वाटले तरी ते घरात खुंटीला राहते. हलके सुती कापड चालेल का, फवारणीची वेळ सकाळची ठरवता येईल का, पंपाच्या नोझलवरच काही बंधन घालावे का, हे प्रश्न विचारायला विद्यापीठाची पदवी लागत नाही. ज्याने ते किट घालून पाहिले आहे तोच ते विचारू शकतो. पूर्वप्रसिद्धीचा सगळा हेतू असली माहिती वर पोचावी हा असतो.

खालच्या माणसाला न विचारल्याने नुसते त्याचेच नुकसान होते असेही नाही, नियम स्वतःही पांगळा होतो. २०१५ मध्ये कीटकनाशक विक्रेत्याला कृषी किंवा तत्सम विषयातली पदवी हवी असा बदल झाला. जुन्या दुकानदारांना दोन वर्षांची मुदत होती. पण गावोगावचे दुकानदार दोन वर्षांत पदवीधर कसे होणार? मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, शेवटी जुन्या विक्रेत्यांसाठी १२ आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. हेतू चांगला होता. पण आधीच तालुक्यातालुक्यातली दुकाने मोजून अभ्यासक्रमाचीच वाट काढली असती, तर मधली वर्षे वाया गेली नसती.

यावर उपाय काय, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. अमेरिकेने १९४६ मध्येच प्रशासकीय कार्यपद्धतीचा एक कायदा करून ठेवला आहे. खात्याने मसुदा छापायचा, लोकांचे म्हणणे घ्यायचे आणि अंतिम नियमासोबत त्याचा आधार आणि उद्देश लिहायचा. महत्त्वाच्या हरकतीला उत्तरच दिले नसेल तर तिथली न्यायालये नियम उडवतात. आपल्याकडे ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॉल ड्रॉपचा खटला निकाली काढला. मधेच तुटलेल्या कॉलमागे ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन कॉलपर्यंत, असा दूरसंचार नियामकाचा विनियम होता. तो न्यायालयाने रद्द केला. ग्राहकांना ते आवडले नाही. पण त्याच निकालात न्यायालयाने संसदेला सुचवले की अमेरिकेसारखा, सल्लामसलत पारदर्शक करणारा सर्वसाधारण कायदा भारतानेही करावा. तो कायदा अजून झालेला नाही.

त्याआधी फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्राने विधिपूर्व सल्लामसलतीचे धोरण ठरवले होते. मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवा, सोबत त्याचे कारण, खर्च आणि परिणाम सांगा, आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाका. वाचायला झकास. पण ते धोरण आहे, कायदा नाही, म्हणून पाळले नाही तर कोणाचे काही बिघडत नाही.

जिथे नियामकाने स्वतःला बांधून घेतले तिथे चित्र बदलते. दिवाळखोरी मंडळाने २०१८ मध्ये आपल्या विनियमांसाठीच विनियम केले: किमान २१ दिवस हरकतींसाठी, आर्थिक परिणामांचे विश्लेषण, हरकतींवर उत्तर, आणि दर तीन वर्षांनी फेरतपासणी. सेबी आणि रिझर्व्ह बँक यांनीही २०२५ मध्ये अशाच वाटेची चौकट जाहीर केली. म्हणजे शेअर बाजारातल्या गुंतवणूकदाराला जे मिळाले, ते फवारणीच्या मजुराला मिळायचे राहिले आहे.

आपल्या राज्यातही नमुना आहे, आणि तो नेरपासून एका एसटीच्या प्रवासावर. महावितरणचा वीजदराचा प्रस्ताव आला की महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग हरकती मागवतो आणि जनसुनावण्या घेतो, त्या अमरावतीतही होतात. आयोगाचा आदेश शेकडो पानांचा असतो, पण तो उघडून पाहाच. आक्षेप काय, त्यावर महावितरणचे म्हणणे काय, आणि आयोगाचा निर्णय काय, हे विषयवार एकाखाली एक लिहिलेले असते. कृषिपंपाच्या वीजवापराचे आकडे फुगवलेले आहेत, हा वर्षानुवर्षांचा आक्षेप असाच नोंदला जात राहिला आणि आयोगाला त्यावर बोलत राहावे लागले. दर वाढायचे ते वाढतातच, हेही खरे. पण कोणी काय विचारले आणि काय उत्तर मिळाले, हे दहा वर्षांनीही शोधता येते. कीटकनाशकांच्या मसुद्यांना एवढी तीन रकान्यांची पद्धत लावायला नवा कायदाही लागत नाही. केंद्रीय कृषी मंत्रालयाने ठरवले की झाले.

कीटकनाशक कायदाच बदलण्याची विधेयके २००८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये राज्यसभेत आली आणि अडकली. नवा कायदा कधी ना कधी येईल. तो आला की त्याखालचे सगळे नियम नव्याने लिहिले जातील. लेबलाचा रंग, घडीपत्रक, हातमोजे, दुकानदाराची पात्रता, विषबाधेची नोंद कोणी ठेवायची, सगळे. मसुदे बाहेर पडतील आणि घड्याळ सुरू होईल.

हरकत लिहिणे अवघड नाही. मसुद्याचा क्रमांक आणि तारीख वर लिहा. ज्या नियमावर बोलायचे त्याचा आकडा द्या. आहे तो शब्द बदलून कोणता हवा ते सरळ लिहा, मोघम विरोधाला वजन नसते. कारण म्हणून आपल्या शेतातला अनुभव द्या आणि जमल्यास ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदीचा किंवा कृषी सहायकाच्या अहवालाचा आधार जोडा. मराठीत लिहिले तरी चालते, पाठवायचे टाळू नका. एकट्याने लिहिण्याऐवजी ग्रामसभेत ठराव करून तो पाठवला तर कागद जड होतो. पोच जपून ठेवा, आणि अंतिम नियम आल्यावर आपल्या हरकतीचे काय झाले हे माहिती अधिकारात विचारा. पुरेशा गावांनी हे विचारले, तर खात्याला उत्तरांचा रकाना आधीच तयार ठेवणे सोपे वाटू लागेल.

राजपत्र संकेतस्थळावर फुकट मिळते. गावातल्या वाचनालयाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने महिन्यातून एकदा कृषी मंत्रालयाचे मसुदे पाहायचे काम एका शिकल्या पोराकडे सोपवावे, आणि ही सुरुवात शक्यतो पेरणीच्या आधी करावी.